जाड डोक्याची चावी

चावी तिने रुमालातून काढली,
चावीलाही थंडी बाधेल अशा बेताने.
पानेवेझिसच्या बाजारामागे माझं पत्र्याचं खोकं.
बाहेर उणे अकरा.
मी हातमोजे काढले. या कामाला उघडी बोटं लागतात.

"हिच्यात चिप आहे," बाई म्हणाल्या.
"झेनोनास म्हणायचा, दुसरी होत नाही.
हरवली तर थेट जर्मनीहून मागवायची,
आणि तेवढ्या पैशात म्हणे गाय येते."

गोल्फ, त्र्याण्णव सालची.
चावीचं डोकं काळ्या प्लास्टिकचं, अंगठ्याएवढं जाड.
तळहातावर तोलली.
वजन काहीच सांगत नाही, खरं तर;
वडील तोलायचे म्हणून मीही तोलतो.
कानाशी धरून हलवली.
आत काहीतरी होतं, किंचित,
काडेपेटीत एकच काडी उरावी तसं.

पण जाड डोकं म्हणजे चिप, असं नसतं.
लहानशा डोक्यातही ती लपते, तांदळाच्या दाण्याएवढी,
ना सेल, ना आवाज.
कुलपाभोवतीच्या तारेच्या कड्याने विचारलं
तरच आपलं नाव सांगते.
उत्तर आलं नाही की इंजिन दोन सेकंद जगतं
आणि गप्प होतं.

हे सगळं मी सांगत बसलो नाही.
माझ्याच डब्यात फॉइल होतं,
बायकोने धुरावलेलं चीज गुंडाळून दिलेलं.
चीज पावावर ठेवलं, फॉइल मांडीला पुसलं,
आणि चावीच्या डोक्याला तीन वेढे,
लहान मुलाचे कान बांधावेत तसे.
आता कुणी नाव विचारलं तरी हिला ऐकू जाणार नाही.

गाडी गेटाशी होती.
गेनोवाइतेबाई शेजारच्या सीटवर बसल्या,
सवयीने असेल.

फिरवली.
स्टार्टर कण्हला, पुन्हा कण्हला, इंजिनाने धरलं.
एक.
दोन.
पुढे मोजायची वेळ सहसा येत नाही.
सात. बारा.
काचेवरचं बर्फ खालच्या कडेने सुटू लागलं
तरी इंजिन चालूच.

"म्हणजे?"
"म्हणजे चिप नाही."

त्या समोर बघत राहिल्या.
मग मला नव्हे, काचेला सांगावं तसं:
एकोणीस वर्षं.
दवाखान्याबाहेर. बहिणीच्या गावच्या फाट्यावर.
शाळेतली भांडी घासून निघाल्यावर
तो येईपर्यंत उभी. लायसन्स पर्समध्ये.
"चावी एकच ना," म्हणायचा, "करणार काय."

खोक्यात येऊन मी डोकं उघडलं. एकच स्क्रू.
आत मोहरीएवढा बल्ब
आणि हिरवा पडलेला सेल.
अंधारात दाराचं कुलूप दिसावं म्हणून. एवढंच.
त्याला ठाऊक होतं?
की बाजारात त्यालाही कुणी तेच सांगितलं
आणि त्याने कधी उघडून पाहिलंच नाही?
बाईंनी विचारलं नाही.
मीही गप्प. चावीचं डोकं उघडणं माझं काम,
मेलेल्या माणसाचं नव्हे.

"साधी चालेल? नुसत्या धातूची?"
"केवढ्याला?"
"पाच युरो."
ओठ हलले, हिशेब झाला.
"तीन करा."
कुणाकुणासाठी, ते बोलल्या नाहीत.
यंत्र किंचाळलं, पितळेचा भुगा बाहीवर बसला.
"आणि जुनीत सेल टाका," त्या म्हणाल्या.
टाकला. बल्ब लागला, पिवळा, आजारी.
त्यांनी दोनदा दाबून पाहिला आणि रुमालात ठेवून दिला.

या खेपेला त्या स्टिअरिंगमागे बसल्या.
नवी चावी, हातावर अजून गरम असणार.
गाडी निघाली, गेटापर्यंत गेली,
आणि गचका देऊन बंद पडली.
माझ्या पोटात गोळा. फॉइल, बारा सेकंद,
सगळं मनात पुन्हा चाळून पाहिलं.

क्लच. नुसता क्लच सुटला होता.
दुसऱ्यांदा धरलं तिने.
चीज एव्हाना दगड झालं होतं.